खेळात तोंड बंद

मोबाईलवरच्या एका खेळात आपल्या शाळेतल्या एका मुलाची गप्पांची सोय तीन दिवस बंद झाली. कारण कळवले नाही. काही पालक म्हणाले, खेळच बंद करा. आम्हाला ते पटत नाही.

शिवी देणाऱ्याला, जात किंवा भाषा काढून टोचणाऱ्याला गप्प करावेच. जोयड्यात मराठी, कोंकणी, कन्नड बोलणारी मुले एका बाकावर बसतात. इथे तर करावेच. पण हे काम बहुधा यंत्र करते. १९९६ साली इंग्लंडमधील स्कन्थॉर्पच्या रहिवाशांना एओएल कंपनीत खाते उघडता येईना, कारण गावाच्या नावातच एक अश्लील शब्द दडला होता! मग रोमन लिपीतली आपली मराठी त्याला काय कळणार?

नियम मोघम असला की माणसेही चुकतात. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर एकीने लिहिले, दुसरीने पसंती दिली. पालघरच्या या दोन्ही तरुणींना अटक झाली. श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने दाद मागितली आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ६६अ रद्द केले.

घटनेचे कलम १९ मुख्यतः सरकारला बांधते, खेळाच्या कंपनीला नव्हे. तरी २०२१ च्या नियमांनुसार अशा सेवांनी तक्रार अधिकारी नेमायचा असतो. त्याला पत्र कसे लिहावे, ते या मुलाला आम्ही शिकवू. त्याने नेमके काय लिहिले होते, तेही आधी विचारू.