पिशवीतली दोन वजनं

परिपाठात रोज एक सुविचार, एक बोधकथा आणि पाच प्रश्न. मुलं पाठ करून येतात, म्हणतात, टाळ्या होतात, संपलं. गेल्या महिन्यात सातवीतल्या एकानं सुविचार सांगितला, दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं पण स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही. मी सहज विचारलं, "हे कुठून आलं रे?" तो म्हणाला, "आजी म्हणती." आजीचं बरोबरच आहे. पण हीच उपमा बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, सातव्या अध्यायात येशूच्या तोंडी आहे, हे सांगितल्यावर वर्ग चकित झाला. कुसळ म्हणजे काय हे आमच्या मुलांना शिकवावं लागत नाही. माळावरून चालत शाळेत येणाऱ्याच्या मोज्यात कुसळी गवत अडकलेलंच असतं.

तिथून पुढे मूल्यशिक्षणाचे तीन-चार तास मी याच पुस्तकातल्या गोष्टींवर घेतले. एका पालकांनी विचारलं, "सर, भगवंताच्या गावात बायबल कशाला?" प्रश्न रागाचा नव्हता. मी म्हटलं, अंबरीष राजाची गोष्ट सांगतो तशीच हीसुद्धा सांगतो, आणि कुणाचा देव बदलायला सांगत नाही. ते हसले. पण त्या प्रश्नामुळे मी विचार करू लागलो, की आपण मुलांना या ग्रंथातलं नक्की काय सांगतो? प्रेम करा, क्षमा करा, शेजाऱ्याला मदत करा. चांगलंच आहे. पण इतकं गुळगुळीत, की मुलाच्या हाताला काही लागत नाही. मूळ मजकूर मात्र इतका गुळगुळीत नाही. तो बाजाराचा, शेताचा, मजुरीचा हिशोब मांडतो. चारित्र्य म्हणजे मनात काय वाटतं ते नव्हे, तर तराजूत काय टाकता ते, असा त्याचा रोख आहे. मला तो पटतो.

नीतिसूत्रे नावाचं एक पुस्तक त्यात आहे. त्यात अकराव्या, सोळाव्या आणि विसाव्या अध्यायात मिळून तराजू आणि वजनांचा विषय चारदा येतो. अनुवाद या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात तर सरळ ताकीद आहे की पिशवीत दोन प्रकारची वजनं ठेवू नका, एक मोठं आणि एक लहान. घेताना एक, देताना दुसरं. बार्शीच्या मुलांना हे समजावायला मला फळ्यावर चित्र काढावं लागलं नाही. तूर-ज्वारी घेऊन बापाबरोबर अडतीवर गेलेली मुलं वर्गात आहेत. 'कडता' हा शब्द त्यांना व्याकरणाआधी कळतो.

शेताचंही तसंच. लेवीय पुस्तकात म्हटलंय की कापणी करताना शेताच्या कडेपर्यंत कापू नका, खाली पडलेली कणसं वेचायला मागे फिरू नका, ती गरिबाची आणि परक्याची. रूथ नावाची विधवा सून परक्या गावात असाच सरवा वेचून सासूला जगवते. आपल्याकडंही सरवा वेचणं होतंच. मालदांडीची काढणी झाल्यावर मागं राहिलेली कणसं वेचणाऱ्या बायका मी लहानपणी पाहिल्या आहेत, आणि त्यांना हाकलणारे मालकही पाहिले आहेत. वर्गात एक मुलगी म्हणाली, "सर, मग ती भीक नाही, तिचा हक्कच आहे ना?" मी थांबलो. शब्द तिचा, पण अर्थ अगदी बरोबर. दान देणाऱ्याचा मोठेपणा त्या नियमात कुठंच नाही.

मजुरीबद्दल तर आणखी स्पष्ट. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडं ठेवायची नाही, सूर्य मावळायच्या आत द्यायची. विनाअनुदानित शाळांतल्या माझ्या मित्रमैत्रिणींना हे वाक्य ऐकवलं तर ते काय म्हणतील, ते मी इथं लिहीत नाही. पण आपणही घरच्या मोलकरणीला "सुटे नाहीत, उद्या घे" म्हणतोच की. पालकहो, मूल त्या वेळी शेजारीच बसलेलं असतं.

पंडिता रमाबाईंचं नाव इथं घ्यायलाच हवं. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या पंडिता. बायबलचं मराठी भाषांतर करायला बसल्या तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलं, आणि मराठी मुद्दाम सोपी ठेवली, खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईलाही कळेल अशी. दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली-विधवांना केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी शेती, विणकाम, छपाई शिकवली. १९२२ साली रमाबाई गेल्या. १९२४ साली ते भाषांतर बाहेर आलं, ते मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्या बायकांच्या हातून छापून. ज्यांना लोकांनी टाकून दिलं होतं, त्यांनी खिळे जुळवले. धर्मांतराबद्दल रमाबाईंशी वाद घालणारे तेव्हाही होते, आताही आहेत. घालावा. पण जबाबदारी म्हणजे काय हे मुलांना दाखवायचं असेल, तर आपल्या भाषेत याहून ठसठशीत उदाहरण मला पटकन सुचत नाही.

असो. मी खरं तर दुसरंच सांगायला बसलोय.

वजनांचा तास झाल्यावर मी गृहपाठ दिला. 'तुम्ही पाहिलेली दोन वजनं', एक पान. दुकानदारांबद्दल येईल असं वाटलं होतं. आलंही. भाजीच्या गाड्यावर तराजूला खालून बोट लावणारा आला, रेशनचं माप आलं. पण घरंच जास्त आली. "दादाला गाडी, मला भांडी." "आई मामाला चहा कपात देते आणि कामवाल्या मावशीला वेगळ्या ग्लासात." "पप्पा म्हणतात खोटं बोलू नको, आणि फोन आला की म्हणतात सांग घरी नाहीत." ही वाक्यं मी जशीच्या तशी लिहिली आहेत, फक्त शुद्धलेखन सुधारून.

आणि एका वहीत मी होतो.

तिनं लिहिलं होतं, दोघं उशिरा येतात. एक स्कूटरवरून येतो, त्याला सर म्हणतात, ये बस लवकर. दुसरा चालत येतो, त्याला सर दाराबाहेर उभं करतात. एवढंच. नावं नव्हती, तक्रारीचा सूर नव्हता. खाली समास सोडून सुवाच्य अक्षरात तारीख.

पहिल्यांदा वाटलं, पोरगी आगाऊ आहे. मग हजेरीपट आठवला. स्कूटरवाल्याचे वडील शाळेला मदत करणारे, वर्षातून दोनदा तरी भेटणारे. चालत येणाऱ्याच्या वडिलांना मी कधी पाहिलेलंच नाही. त्याला उभं करताना मी 'शिस्त' हा शब्द वापरत होतो आणि पहिल्याला आत घेताना 'समजूतदारपणा'. दोन वजनं, आणि दोन्हींना छान नावं. त्या मुलाला मधल्या सुट्टीत जवळ बोलावून विचारलं. आई पहाटे डाळमिलमध्ये निवडणीला जाते, धाकट्या बहिणीला अंगणवाडीत सोडून मग हा येतो. अंगणवाडी उघडल्याशिवाय निघता येत नाही. सहा महिने हा मुलगा माझ्या दाराबाहेर उभा राहिला आणि मी एकदाही विचारलं नाही.

मी वर्गाची माफी मागितली. मोठं काही केलं असं नाही, दोन वाक्यं बोललो. मुलं गप्प होती, ती कसनुशी होऊन खाली बघत होती. मग मिळून नियम ठरवला: उशिरा आलेल्यानं आत यायचं, बसायचं, आणि मधल्या सुट्टीत कारण सांगायचं. सगळ्यांनी. कारण खरं असेल तर काही नाही. उगाचच असेल तर दुसऱ्या दिवशी वर्ग झाडायचा.

काही सहकारी म्हणाले, मुलांना असं लिहायला लावलं की ती डोक्यावर बसतात. मला तसं वाटत नाही. डोक्यावर बसणारं मूल मागून बोलतं, वहीत तारीख घालून लिहीत नाही. त्या मुलीनं जे केलं त्याला मी जबाबदारी म्हणेन, आणि ती मी शिकवलेली नव्हती.

चौथ्या दिवशी स्कूटरवाला उशिरा आला. कारण विचारलं तर म्हणाला, झोपलो होतो. दुसऱ्या दिवशी त्यानं वर्ग झाडला, चांगला झाडला, बाकांखालून पण. संध्याकाळी वडिलांचा फोन. "सर, आमच्या लेकराला झाडू दिलात म्हणे?" मी सांगितलं, हो, नियम सगळ्यांना एकच आहे, तुम्ही उद्या या, वर्गातच बोलू. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग "बघतो" म्हणून फोन ठेवला. माझा हात थोडा थरथरत होता, हे कबूल करतो. ती वही अजून माझ्या टेबलावर आहे, शेरा लिहायचा राहिलाय.