खांद्यावरची वीणा आणि लिलावातली गिटार

पॉल मॅकार्टनी यांची हरवलेली बेस गिटार सापडल्याची बातमी फेब्रुवारी २०२४ मध्ये जगभर गाजली. अशा बातमीमागोमाग आपल्याकडे एक ठरलेला सुस्कारा ऐकू येतो : ‘बघा, ते कसे जपतात, आपल्याकडे कोणाला कशाची कदर?’ हा सुस्कारा आम्हांस मान्य नाही.

मुळात ‘ते जपतात’ हेच तपासून पाहावे. व्हायोलिनच्या आकाराची ही हॉफ्नर गिटार मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हॅम्बुर्ग येथे सुमारे तीस पौंडांना घेतली. एक तर ती परवडत होती, आणि दोन्ही अंगांनी सारखी असल्याने डावखुऱ्याने उलटी धरली तरी विचित्र दिसत नव्हती. बीटल्सची सुरुवातीची गाजलेली गाणी तिच्यावर वाजली. १९७२ मध्ये लंडनमध्ये एका व्हॅनमधून ती चोरीस गेली आणि अर्धशतकानंतर ससेक्समधील एका घराच्या माळ्यावर मिळाली. म्हणजे ती जपलेली नव्हती, पडून होती. तरी तिची किंमत एक कोटी पौंडांपर्यंत जाईल, असे अंदाज छापून आले. कर्ट कोबेन यांची गिटार २०२० च्या लिलावात साठ लाख डॉलरांवर गेली, तेव्हाही विकला गेला तो नाद नव्हे, स्पर्श. पादुकांपुढे माथा टेकणाऱ्या वारकऱ्याला भाबडा म्हणणारा सुशिक्षित या पूजेला मात्र ‘संग्रह’ असे भारदस्त नाव देतो!

आता कन्हेरीच्या परिसराकडे वळू. तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे निघाली की कन्हेरीशेजारच्या काटेवाडीत मेंढ्यांचे रिंगण होते. पालखीबरोबरच्या दिंड्यांत टाळ अनेकांच्या हाती असतात, वीणा मात्र वीणेकऱ्याच्या गळ्यात. या पट्ट्यातल्या गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहात तर वीणा खाली ठेवायचीच नसते. रात्रंदिवस पहारे लागतात. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. ती वीणा कोणा थोर पुरुषाची नसते. मंडळाची असते, गावाची असते. तार तुटली की नवी चढते, भोपळा तडकला की बदलतो. संग्राहकाच्या हिशेबात प्रत्येक दुरुस्तीने वस्तूचे मोल घटते. इथे वीणा वाजती राहावी म्हणून दुरुस्ती करायचीच असते. याला जतन म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे?

संग्रहालयांशी आमचे वैर नाही. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी पुण्यात जे उभे केले, त्यात दिवे आहेत, अडकित्ते आहेत, वाद्येही आहेत. आणि त्यांतील बहुतेक वस्तूंच्या मालकांची नावे कोणी विचारीत नाही. तिथे मोल आहे ते अनाम कारागिराच्या हाताचे. उलट, सुस्कारा टाकणाऱ्यांनी एवढे तरी सांगावे, की मिरजेत भीमाकाठचा भोपळा निवडून तंबोरा घडवणाऱ्या एका तरी कारागिराचे नाव त्यांना ठाऊक आहे काय? मिरजेच्या सतार-तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही बातमी हॉफ्नरच्या बातमीच्या मानाने किती जणांनी वाचली?

मॅकार्टनी यांच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्यांनी ती गिटार काचेत ठेवली नाही. दुरुस्त करून घेतली आणि डिसेंबर २०२४ मध्ये लंडनच्या रंगमंचावर वाजवली. या कथेत खरी बातमी कुठली असेल तर ती हीच. पण किमतीच्या आकड्यापुढे तिची चर्चा किती झाली?

काचेचे कपाट केवळ लिलावगृहात असते असेही नाही. मराठी विभागांत अभंग येतो तो छापील ओळ म्हणून. त्याचे छंद मोजले जातात, पाठभेद तपासले जातात, भक्तीचे प्रकार पाडले जातात. चाल, टाळ, पखवाज, वीणा यांचा उल्लेख झालाच तर प्रस्तावनेत. वीणा कोणत्या स्वरात लावतात, कीर्तनकार उभा राहताना ती कोणाच्या गळ्यात असते, असा प्रश्न प्रश्नपत्रिकेत आम्ही कधी पाहिला नाही. बारामती-इंदापूरच्या महाविद्यालयांत वीणेकऱ्यांच्या घरची मुले शेवटच्या बाकांवर बसलेली असतात. त्यांना हे सारे ठाऊक असते; फक्त त्यांना कोणी विचारीत नाही.