रेषेबाहेरची गावे

अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाल्याची बातमी आली की मालवणच्या बंदरावर प्रश्न एकच असतो, ‘वादळ खंय जातला?’ मोबाईलवर नकाशा उघडतो. रेषा गुजरातकडे किंवा ओमानकडे वळलेली दिसली की सुस्कारे सुटतात. हे सुस्कारे घाईचे आहेत, असे आमचे म्हणणे आहे. 2009 चे फयान अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्याला लागले. 2021 चे तौक्ते सौराष्ट्रात दीव-उना परिसरात शिरले. 2019 चे क्यार तर भर समुद्रातच विरले. यातले एकही मालवणात आले नाही, आणि तिघांनीही सिंधुदुर्गाला रडवले.

तौक्तेचा 16 मे आठवा. केंद्र समुद्रात होते आणि उत्तरेकडे सरकत होते. तरी देवगडच्या आनंदवाडी बंदरात नौका बुडाल्या, खलाशांचे जीव गेले, झाडावरचा हापूस भुईला लागला आणि कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. यात चमत्कार काही नाही. आपल्याकडे चक्रीवादळाचा वारा घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतो. केंद्र दक्षिणेला असते तेव्हा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. केंद्र समोरून उत्तरेकडे निघून गेले की तोच वारा नैर्ऋत्येला फिरतो आणि पाणी किनाऱ्यावर रेटू लागतो. ‘गेले एकदाचे’ म्हणून माणसे घराबाहेर पडतात, होडी बघायला किनाऱ्यावर जातात, ती वेळ सर्वांत वाईट असते.

तिथीचा हिशेबही लक्षात घ्यावा लागेल. तौक्ते आले तेव्हा अक्षय तृतीया होऊन दोन दिवस झाले होते, अमावास्येचे उधाण ओसरत होते. एवढ्या तडाख्यात हे त्यातल्या त्यात नशीब. क्यारच्या वेळी उलटे झाले. वादळ दूर जात होते, पण दिवाळीची अमावास्या तोंडावर होती आणि उधाण चढत होते. देवबागात लाटा वस्तीत घुसल्या, शेतात कापून ठेवलेले भात भिजले. तेच तौक्ते भर अमावास्येला, ऐन भरतीच्या तासाला आले असते तर?

हवामान खात्याला दोष देण्याची फॅशन आहे, तिच्यात आम्ही सामील होणार नाही. वादळ कोठे असेल याच्या 24 तास आधीच्या अंदाजातली सरासरी चूक आता सुमारे 75 ते 80 किलोमीटरवर आली आहे. ही मोठी कमाई आहे. पण मालवण ते पणजी हे सरळ रेषेतले अंतरही साधारण तेवढेच. नकाशावरची रेषा ही आगगाडीचे रूळ नव्हे. तिच्या दोन्ही बाजूंना पसरत जाणारा शंकू दाखवलेला असतो, आणि व्हॉट्सअॅपवर फिरताना नेमका तोच कापला जातो. बंदरावरचा बावटा बघून नांगर टाकणाऱ्या पिढीला निदान एवढे कळत होते की बावटा सगळ्या बंदरासाठी असतो, एका ठिपक्यासाठी नाही.

मात्र खात्याचा इशारा गावापर्यंत पोचताना काहीतरी हरवते. ‘नेहमीच्या भरतीपेक्षा इतके मीटर वर’ ही भाषा सगळ्या किनारपट्टीसाठी असते. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. बाहेर पडायला तारकर्लीवरून जाणारा रस्ता. तळाशीलची गत वेगळी नाही. सह्याद्रीवर पडलेला पाऊस कर्लीतून खाली येतो तेव्हा मुखाशी भरती आणि वारा दार लावून उभे असतील, तर ते पाणी मागे फुगते आणि खाडीच्या अंगाने वस्तीत शिरते. धूपप्रतिबंधक बंधारा समुद्राच्या बाजूला असतो, त्याला पाठीमागून आलेल्या पाण्याचे काय करायचे ते ठाऊक नाही. बांद्याला तेरेखोल, खारेपाटणला सुखनदी, कुडाळला भंगसाळ अशीच बाजारपेठेत येते, आणि त्यासाठी वादळाचे नावही लागत नाही.

म्हणून जिल्हा प्रशासनाने वादळाची वाट सांगून थांबू नये. कोणत्या गावात, किती वाजता भरती, तेव्हा वारा कोणत्या दिशेचा, नदीला किती पाणी, धरणातून विसर्ग कधी, हे चार ओळींत सरपंचाच्या आणि मच्छीमार सोसायटीच्या हातात पडले पाहिजे. समुद्राच्या लाटांचा इशारा हैदराबादहून, वादळाचा दिल्लीहून आणि विसर्गाचा पाटबंधारे खात्याकडून येतो. तिन्ही एका कागदावर आणण्याचे काम ओरोसच्या जिल्हा मुख्यालयातच होऊ शकते. आणि त्याआधी एक फार साधी गोष्ट. क्यारचे पाणी कुठवर आले, तौक्तेचे कुठवर, हे देवबागच्या म्हाताऱ्या माणसांना घराच्या पायरीवरून दाखवता येते. त्या खुणा पुढच्या मेच्या आत शाळेच्या आणि देवळाच्या भिंतींवर रंगवून घ्याव्यात. त्याला निविदा काढावी लागणार नाही.