विश्लेषण : किराणा दारात हवा, पण जिना चढण्याचे पैसे कोण देणार?

गव्हाच्या पिठाची १० किलोची पिशवी, पाच किलो तांदूळ, तेलाचा पाच लिटरचा डबा आणि दोन किलो साखर. महिन्याच्या किराण्यातल्या या चारच वस्तू ॲपवरून मागवल्या, तरी सुमारे २२ किलो वजन दुचाकीवरून इमारतीच्या फाटकाशी येऊन थांबते. वादाला तिथूनच तोंड फुटते. ग्राहक म्हणतो, ‘घरपोच’ म्हणजे घराच्या दारात. डिलिव्हरी कामगार म्हणतो, लिफ्ट नाही, तुम्ही खाली या. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. कारण हा व्यवहार जुळवणाऱ्या कंपनीने रस्त्यावरचे अंतर मोजलेले असते, जिना मात्र हिशेबात धरलेलाच नसतो.

वाद नेमका कशाचा?

झेप्टो, ब्लिंकिट, स्विगी इन्स्टामार्ट यांसारख्या सेवांनी गेल्या काही वर्षांत शहरी घरांच्या खरेदीची सवय बदलली. सुरुवातीला दूध, ब्रेड, कोथिंबीर अशी हलकी खरेदी व्हायची. आता महिन्याचा किराणा, पाण्याच्या बाटल्यांचे खोके, डिटर्जंटच्या मोठ्या पिशव्याही याच मार्गाने येतात. कामगाराचा मोबदला मात्र मुख्यतः ऑर्डरची संख्या आणि अंतर यांवर ठरतो. पाऊस किंवा गर्दीच्या वेळी वाढीव पैसे मिळतात. चौथ्या मजल्यासाठी किंवा २० किलो वजनासाठी वेगळा दर सहसा नसतो.

मोफत डिलिव्हरीच्या योजनेने यात भर घातली आहे. ठरावीक रकमेच्या वर खरेदी केली की डिलिव्हरी शुल्क माफ होते. त्यामुळे ग्राहक यादी वाढवत नेतो आणि पिशवी जड होत जाते. म्हणजे ज्या ऑर्डरला सर्वाधिक श्रम लागतात, नेमकी तीच ग्राहकाला ‘फुकट’ पोहोचते.

जिन्याचे गणित काय सांगते?

एका मजल्याची उंची साधारण तीन मीटर आणि पायरीची १६ सेंटिमीटर धरली, तर मजल्याला १८ ते १९ पायऱ्या होतात. तळमजल्यावरून चौथ्या मजल्यापर्यंत सुमारे ७५ पायऱ्या. ओझे घेऊन चढायला दीड मिनिट, उतरायला एक मिनिट आणि दारावरची बेल, ओटीपी, सामान तपासणे यात आणखी मिनिटभर. म्हणजे साडेतीन ते चार मिनिटे. दिवसात अशा सहा ऑर्डर आल्या, तर कामगार ४५० पायऱ्या चढतो. पुण्यातल्या पर्वतीच्या पायऱ्या १०३ आहेत. म्हणजे दिवसाकाठी पाठीवर किराणा घेऊन चार वेळा पर्वती चढल्यासारखे झाले. या सहा ऑर्डरपायी खर्ची पडलेल्या २०-२५ मिनिटांत आणखी एखादी ऑर्डर पोहोचवता आली असती. तेवढी त्याची कमाई बुडते.

वजनाचा मुद्दा वेगळाच. अमेरिकेतील ‘नायॉश’ ही व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक सरकारी संस्था ओझे उचलण्यासाठी २३ किलोची मर्यादा सुचवते. तीही आदर्श स्थितीत, म्हणजे दोन्ही हातांनी, शरीराजवळ धरून, कंबर न वळवता उचलण्यासाठी. अरुंद, अंधाऱ्या जिन्यात एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात मोबाइल, ही स्थिती आदर्श नक्कीच नव्हे. त्यात खाली दुचाकीवर पुढच्या ऑर्डरची बॅग राखणीविना असते. गाडी ‘नो पार्किंग’मध्ये असेल तर ती उचलली जाण्याची धास्ती वेगळीच.

वाण्याकडचा मुलगाही वर यायचाच, मग आता काय बदलले?

हा युक्तिवाद नेहमी केला जातो आणि त्यात तथ्य आहे. कोपऱ्यावरच्या दुकानातला मुलगा तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर सामान आणून देत असे, आजही देतो. पण तो त्या दुकानाचा पगारी नोकर असतो. जिना चढायला पाच मिनिटे जास्त लागली, म्हणून त्याचा पगार कापला जात नाही. कोणत्या इमारतीत लिफ्ट बंद आहे, कोणत्या आजींना दोन वेळा हाक मारावी लागते, हे त्याला ठाऊक असते. जड गोणी असेल तर सोबत आणखी एक जण येतो. काही जुन्या चाळींत तर दोरीला पिशवी बांधून खाली सोडण्याची सोय रहिवाशांनीच केलेली असते.

ॲपवरच्या कामगाराला यातले काहीच मिळत नाही. लिफ्ट आहे की नाही, हे त्याला इमारतीच्या दारात पोहोचल्यावर समजते. वर जायला नकार दिला तर तक्रार आणि खराब रेटिंगची भीती असते. वर गेला तर वेळ जातो. माणुसकी म्हणून जे काम पूर्वी सहज होत असे, ते करण्याची मुभाच या व्यवस्थेने त्याच्याकडून काढून घेतली आहे.

घरगुती गॅसच्या सिलिंडरचे काय?

या प्रश्नावर एक जुने उत्तर आपल्या स्वयंपाकघरातच आहे. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. टाकीसह वजन ३० किलोच्या आसपास जाते. तरीही ग्राहकाच्या नोंदवलेल्या पत्त्यावर, मग तो कोणत्याही मजल्यावर असो, सिलिंडर पोहोचवणे ही वितरकाची जबाबदारी आहे. पोहोचवण्याचा आकार बिलाच्या रकमेतच धरलेला असतो. ग्राहकाने गोदामातून स्वतः सिलिंडर आणले, तर तेवढी रक्कम त्याला वजा करून मिळते.

प्रत्यक्षात सिलिंडर आणणारा माणूस वर २०-३० रुपये मागतो आणि अनेक घरांत ते दिले जातात. त्यामुळे ही व्यवस्था निर्दोष आहे असे म्हणता येणार नाही. पण तिने दोन गोष्टी मान्य केल्या आहेत. वाहून नेण्याला किंमत असते, ही पहिली. ती किंमत तळमजल्यावरचा आणि चौथ्या मजल्यावरचा ग्राहक सारखीच देतो, ही दुसरी. किराण्याच्या ॲपनी यातली पहिली गोष्ट अजून मान्य केलेली नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा आहे का?

अजिबात नाही. ओझे वाहण्याच्या कामाला कायद्याचे संरक्षण देण्यात महाराष्ट्र देशात अग्रेसर राहिला आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील माथाडी कामगारांच्या लढ्यानंतर १९६९ मध्ये महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. पुण्यात बाबा आढाव यांनी हमाल पंचायतीच्या माध्यमातून हमालांना संघटित केले. या कायद्याच्या अनुसूचीत किराणा बाजार व दुकानांमधील माल चढवणे, उतरवणे, थप्पी लावणे, वाहून नेणे ही कामे आहेत. मालकाने मजुरीसोबत ठरावीक लेव्ही मंडळाकडे भरायची आणि त्यातून भविष्य निर्वाह निधी, बोनस, भरपगारी सुट्या यांची सोय करायची, अशी ही रचना आहे.

या कायद्याच्या अंमलबजावणीतही दोष आहेत आणि त्यावर वाद होत आले आहेत. तरीही एक विसंगती डोळ्यांत भरते. घाऊक बाजारात पिठाची गोणी ट्रकमधून गाळ्यात गेली, तर ती हमाली ठरते आणि तिला दर असतो. तेच पीठ १० किलोच्या पिशवीत चार मजले चढून गेले, तर ती ‘सेवा’ ठरते आणि तिचा दर शून्य होतो.

नव्या कायद्यांनी काय साधले?

नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत ही संख्या २ कोटी ३५ लाखांवर जाण्याचा अंदाज आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांना प्रथमच केंद्रीय कायद्यात स्थान दिले. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम सामाजिक सुरक्षेसाठी द्यायची, मात्र ती कामगारांना दिल्या जाणाऱ्या मोबदल्याच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नसावी, अशी तरतूद आहे. राजस्थानने २०२३ मध्ये, तर कर्नाटकने २०२५ मध्ये स्वतंत्र कायदा केला. जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय कामगारमंत्री मनसुख मांडविया यांच्या हस्तक्षेपानंतर ब्लिंकिटने ‘१० मिनिटांत’ हा दावाही मागे घेतला.

ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु विमा किंवा निवृत्तीची सोय झाली, म्हणून आजच्या चार मजल्यांचा मोबदला मिळत नाही. एका ऑर्डरमध्ये नेमके किती काम आहे, हे संहिता ठरवत नाही. ते आजही कंपनीच ठरवते.

ग्राहकाकडून मजल्यानुसार शुल्क घ्यावे का?

वरवर पाहता हा सरळ उपाय वाटतो. सामान हलवणारे ‘पॅकर्स अँड मूव्हर्स’ लिफ्ट नसेल तर मजल्यामागे जादा पैसे लावतातच. पण किराण्याला हा नियम लावला, तर त्याचा भार चुकीच्या माणसावर पडेल. मुंबई-पुण्यात ३०-४० मजली टॉवरला लिफ्ट असते. लिफ्ट नसते ती जुन्या तीन-चार मजली इमारतींना, चाळींना आणि कित्येक वसाहतींना. तिथे वरच्या मजल्यांवर गुडघेदुखीने जिना उतरणे सोडलेले ज्येष्ठ राहतात. घरपोच सेवेची खरी गरज त्यांनाच आहे. मजल्याचे शुल्क त्यांच्या माथी मारले, तर टॉवरमधल्या ग्राहकाला सूट आणि चाळीतल्या आजींना दंड, असा उलटा न्याय होईल.

म्हणून मोबदला मजल्यानुसार आणि आकारणी सर्वांना समान, हे तत्त्व अधिक न्याय्य आहे. गॅस सिलिंडरचे तत्त्व हेच. कंपन्यांना ते अशक्यही नाही. मोफत डिलिव्हरीचा खर्च त्या आजही एकूण व्यवहारातून भरून काढतातच. जिन्याचा खर्च त्याच हिशेबात धरला, तर प्रत्येक ऑर्डरमागे पडणारी वाढ किरकोळ असेल. मात्र ती रक्कम पूर्णपणे कामगाराच्या हाती पडली पाहिजे.

सोसायट्यांची जबाबदारी किती?

जिथे लिफ्ट आहे, तिथलीही कथा फारशी वेगळी नाही. काही सोसायट्यांत डिलिव्हरी कामगारांना मुख्य लिफ्ट वापरू दिली जात नाही. मालवाहू लिफ्टसाठी थांबा किंवा जिन्याने जा, असे वॉचमन सांगतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये झोमॅटोचे संस्थापक दीपिंदर गोयल स्वतः ऑर्डर पोहोचवायला निघाले, तेव्हा गुरुग्राममधील एका मॉलमध्ये त्यांनाही लिफ्टऐवजी जिना दाखवण्यात आला आणि त्यांनी तिसरा मजला पायी गाठला. ही गोष्ट त्यांनी समाजमाध्यमांवर लिहिली म्हणून तिची चर्चा झाली. हजारो कामगारांचा मात्र तो रोजचा अनुभव आहे. सामान दहा मिनिटांत दारात हवे आणि आणणारा लिफ्टमध्ये नको, ही अपेक्षा दुटप्पी आहे. सर्वसाधारण सभेत एक ठराव करून ती बदलता येते. त्याला कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही.

मग मार्ग कोणता?

सामान घराच्या दारापर्यंत आलेच पाहिजे. ज्येष्ठ, आजारी, दिव्यांग आणि एकट्याने लहान मूल सांभाळणाऱ्या ग्राहकांना ‘खाली या’ हे उत्तर देता येत नाही. पण त्या शेवटच्या ७५ पायऱ्यांना काम म्हणून मान्यता द्यावी लागेल. त्यासाठी ॲपमध्ये फार मोठे बदल नकोत. पत्ता भरताना घर क्रमांक आणि मजला भरून घेतला जातोच, त्यात ‘लिफ्ट आहे का’ हा एक रकाना वाढवावा. ऑर्डर कामगाराकडे जातानाच मजला, लिफ्ट आणि एकूण वजन दिसावे. लिफ्ट नसेल तर दुसऱ्या मजल्याच्या वर प्रत्येक मजल्यासाठी ठरावीक मोबदला आणि वाढीव वेळ मिळावा. एका फेरीत १५ किलोंची मर्यादा असावी. त्यापेक्षा जड ऑर्डर दोन फेऱ्यांत किंवा दोघांनी न्यावी आणि दोघांनाही पैसे मिळावेत. ज्यांना शक्य आहे त्यांच्यासाठी ‘मी खाली येतो’ हा पर्याय आणि थोडी सवलत असावी.

महाराष्ट्रात गिग कामगारांसाठी स्वतंत्र कायदा करताना वजन आणि मजला हे दोन शब्द त्यात यायला हवेत. पाठीवरच्या गोणीचा दर या राज्याने १९६९ मध्येच कायद्याच्या कक्षेत आणला. हातातल्या पिशवीचा दर ठरवणे त्याहून अवघड नसावे.