वैमानिकाचा परवाना आणि घरचा हिशेब

२०२५ च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीची उड्डाणे हजारोंनी रद्द झाली. वैमानिकांच्या विश्रांतीविषयीचे नवे नियम आणि ते पाळण्यास पुरे पडतील एवढ्या वैमानिकांची उणीव, ही कारणे त्या वेळी पुढे आली. ‘वैमानिक हवेत’ ही हाक मध्यमवर्गीय घरांत पोचण्यास एवढे निमित्त पुरेसे होते. १९२९ साली जे. आर. डी. टाटांनी भारतातील पहिला वैमानिक परवाना मिळविला, तेव्हा विमान चालविणे हा धनिकांचा छंद होता. आज शिक्षकाची मुलगी आणि कारकुनाचा मुलगा त्याकडे व्यवसाय म्हणून पाहतात, ही गोष्ट स्वागतार्हच होय. चिंता वाटते ती हिशेबाची.

व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण आवश्यक असते. उड्डाणशाळेचे शुल्क ५० लाख धरले, तर तासाला २५ हजार पडतात. पालक हा आकडा पाहतात आणि तेवढीच तजवीज करतात. वस्तुतः या शिक्षणात तासांपेक्षा महिने महाग पडतात. महिन्याला २० तास उड्डाण मिळाले तर १० महिन्यांत काम आटोपते. ८ तास मिळाले तर २५ महिने लागतात. विमान दुरुस्तीस जाते, प्रशिक्षक नोकरी सोडतो, पावसाळ्यात ढग खाली उतरतात. (माहितीपत्रकातील विमान मात्र नेहमी निरभ्र आकाशातच असते.) ५० लाखांचे कर्ज पूर्ण उचलले असेल, तर शेकडा ११ दराने वर्षाचे व्याज साडेपाच लाख होते, म्हणजे एका वर्षाच्या विलंबात २२ तासांच्या उड्डाणाचे पैसे बुडाले. राहण्याजेवणाचा खर्च निराळाच. शिवाय परवान्याच्या अर्जापूर्वीच्या सहा महिन्यांत, विमानाची सूत्रे स्वतःकडे घेऊन केलेले किमान १५ तासांचे उड्डाण दाखवावे लागते. कागदपत्रांची रखडपट्टी झाली, तर तेही पदरमोड करून पुन्हा करणे आले.

बरे, परवाना हाती आला म्हणजे नोकरी लागली असेही नाही. मोठे प्रवासी विमान चालविण्यासाठी त्या त्या जातीच्या विमानाचे स्वतंत्र प्रशिक्षण, म्हणजे टाइप रेटिंग घ्यावे लागते आणि त्यास आणखी १५ ते २५ लाख लागतात. २०१२ साली किंगफिशर, २०१९ साली जेट एअरवेज आणि २०२३ साली गो फर्स्ट बंद पडली. अशा प्रत्येक वेळी अनुभवी वैमानिक बाजारात आले व नवशिक्यांची रांग लांबली. ज्या अंदाजपत्रकात प्रतीक्षेच्या दीड-दोन वर्षांचे हप्ते धरलेले नाहीत, ते अपुरे समजावे.

म्हणून क्रम महत्त्वाचा. प्रथम वर्गाची वैद्यकीय तपासणी आधी व्हावी. दृष्टीचा किंवा हृदयाचा दोष पैसे भरल्यानंतर कळून उपयोग नाही. त्यानंतर हवामानशास्त्र, मार्गनिर्देशन, हवाई नियम इत्यादी लेखी परीक्षा द्याव्यात. त्या घरी अभ्यास करूनही देता येतात व त्यांत अपयश आले तरी घर विकावे लागत नाही. शुल्क भरावयाचे ते सर्वांत शेवटी, आणि तेही उड्डाण होईल तसतसे.

हा शेवटचा मुद्दा मात्र पालकांच्या हाती नाही. सगळी रक्कम आरंभीच वा मोठमोठ्या हप्त्यांत घेतली गेली, की विलंबाची झळ शाळेला लागत नाही. ती बापाच्या भविष्य निर्वाह निधीला लागते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२५ साली उड्डाणशाळांना श्रेणी देण्यास प्रारंभ केला, आणि पहिल्याच यादीत वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही. ही यादी प्रसिद्ध केली हे योग्यच झाले. आता शुल्काची वसुली प्रत्यक्ष तासांशी बांधण्याचा नियमही संचालनालयाने करावा, आणि मागील तुकडीस २०० तास पुरे करण्यास किती महिने लागले, हा आकडा प्रत्येक शाळेला प्रवेश अर्जावरच छापावयास लावावा.