डोक्यावरचा रुमाल आणि पंगतींतली जागा

गुरुद्वारांत जातांना डोकें झांकावें लागतें, जोडे बाहेर काढावे लागतात, जमिनीवर बसावें लागतें, याविषयीं आमच्या सुशिक्षित वर्गांत एक चमत्कारिक मत वारंवार ऐकूं येतें. तें असें कीं, नानकांनीं ज्या बाह्याचाराचा आयुष्यभर निषेध केला तोच आचार त्यांच्या अनुयायांनीं रुमालाच्या रूपानें पुन्हां घरांत घेतला. ईश्वर अंतःकरण पाहतो, टाळू पाहत नाहीं. तेव्हां पाहुण्यानें यजमानाचें मन राखण्यापुरता रुमाल बांधावा आणि मनांतल्या मनांत हसावें. असें बोलणारे लोक दुष्ट नसतात. पुष्कळदां ते वाचलेले, प्रवास केलेले व स्वतःस उदार म्हणविणारे असतात. पण हें औदार्य उथळ आहे असें आमचें स्पष्ट मत आहे. ज्यास ते बाह्याचार म्हणून हिणवितात, त्याचा अर्थ पाहण्याचे श्रमच त्यांनीं घेतलेले नाहींत.

तो आचार तरी काय आहे? जोडे जोडाघरांत द्यावयाचे. तेथें ते उचलून ठेवणारा मनुष्य पुष्कळदां चांगला सधन गृहस्थ असतो, आणि तें काम त्यानें सेवा म्हणून मागून घेतलेलें असतें. पाय धुवून आंत जावयाचें. तंबाखू, विडी, मद्य जवळ असूं नये. डोकें झांकलेलें असावें, मग तो फेटा असो, पदर असो वा साधा चौकोनी रुमाल असो. ग्रंथसाहिबांपुढें मस्तक टेकावें, आणि जेथें जागा मिळेल तेथें सर्वांबरोबर खालीं बसावें. कडाहप्रसाद दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यावा. याहून अधिक फारसें कांहीं नाहीं. आमच्या देवळांतून सोवळ्याओवळ्याचे जे नियम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, त्यांच्याशीं हे नियम ताडून पाहिले तर एक भेद तत्काळ डोळ्यांत भरतो. सोवळ्याचा नियम एकाला आंत घेतो तो दुसऱ्याला बाहेर ठेवण्यासाठीं. रुमालाचा नियम राजाला आणि हमालाला एकच असल्यामुळें तो कोणालाच बाहेर ठेवूं शकत नाहीं.

शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीनें १९४५ सालीं जी शीख रहित मर्यादा मान्य केली, तींत कोणत्याही देशाच्या, धर्माच्या वा जातीच्या मनुष्यास दर्शनाची मनाई नाहीं असें सांगितलें आहे. त्याच मर्यादेंत असेंही आहे कीं, ग्रंथसाहिबांच्या सान्निध्यांत, संगतींत कोणीं गादी, खुर्ची वा खाट मांडून बसूं नये. स्त्रियांनीं तोंडावर घुंघट ओढून संगतींत बसणें हेंही तींत गुरुमताविरुद्ध ठरविलें आहे. म्हणजे डोकें झांका, पण तोंड झांकूं नका! डोकें झांकण्याचा नियम स्त्रीपुरुष दोघांसही आहे. तोंड झांकण्याची रूढि केवळ स्त्रीला होती. जो नियम सर्वांना सारखा नाहीं तो या मर्यादेनें टाकला, आणि जो सारखा आहे तो ठेवला. यास आंधळा बाह्याचार म्हणणाऱ्यानें आपलेच डोळे तपासून घ्यावे.

गुरुद्वारांत उंच आसन एकच, आणि तें माणसासाठीं नाहीं. गुरु अर्जुनदेवांनीं १६०४ सालीं अमृतसरच्या हरिमंदिरांत आदिग्रंथाची स्थापना केली. त्या मंदिरास चार दिशांना चार दारें आहेत, आणि तेथें जाणारास पायऱ्या चढून नव्हे, उतरून जावें लागतें. पुढें १७०८ सालीं आपल्याच नांदेडांत गुरु गोविंदसिंहांनीं गुरुगादी ग्रंथाला दिली, आणि माणसाला गुरूच्या आसनावरून कायमचें उतरविलें. चांदवा, चवरी, रुमाले हा सारा राजोपचार तेव्हांपासून एका ग्रंथाच्या वांट्याला गेला. तो दुसऱ्या कोणाच्या वांट्याला जाऊं नये हेंच त्यांतलें मर्म होय. त्या आसनाखालीं जी जमीन उरली तिच्यावर सगळे सारखे. मस्तक टेकणें ज्याच्या बुद्धीस वा श्रद्धेस पटत नाहीं, त्यानें हात जोडून स्वस्थ बसावें. परधर्मीयावर तेथें कोणी सक्ति करीत नाहीं. पण मित्राच्या हातीं मोबाईल देऊन, मस्तक टेकल्याचें सोंग करून छायाचित्र काढवून घेणारा जो वर्ग आतां निर्माण झाला आहे, त्याच्यापेक्षां तो प्रामाणिक नास्तिक शतपट बरा!

लंगराविषयींचा गैरसमज याहून मोठा आहे. लंगर म्हणजे अन्नछत्र, गोरगरिबांचें सदावर्त, अशी कल्पना करून आमची मंडळी तेथें दोन प्रकारें चुकतात. कांहीं 'आपल्याला काय कमी आहे?' म्हणून न जेवतांच परततात. कांहीं फुकट जेवणाची मौज म्हणून जातात, ताटांत भरमसाट वाढून घेतात आणि निम्में टाकून उठतात. दोघांनाही वाटतें कीं तेथें अन्न दिलें जातें. वस्तुतः तेथें जागा दिली जाते. नानकांनीं चालू केलेली ही प्रथा अंगददेवांच्या काळीं माता खीवी यांनीं सांभाळली, आणि त्यांच्या हातच्या लंगराची प्रशंसा खुद्द ग्रंथसाहिबांत नांवानिशीं आहे. स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीचें नांव धर्मग्रंथांत यावें, ही गोष्ट आमच्या घरोघरच्या अन्नपूर्णांच्या नशिबीं कितीशी आली? तिसरे गुरु अमरदास यांनीं गोइंदवाल येथें 'आधीं पंगत, मग संगत' असा नियमच घातला. बादशहा अकबर भेटीस आला तेव्हां त्यालाही प्रथम पंगतींत बसावें लागलें, अशी शीख परंपरा सांगते. अकबर उपाशी होता म्हणून त्याला जेवूं घातलें नव्हतें, हें तरी ध्यानांत घ्यावें. श्रीमंतानें लंगरांत न जेवणें ही नम्रता नव्हे. शेजारीं कोण येऊन बसेल या भीतीचें तें सभ्य नांव आहे.

ही भीति शिखांतही शिरली होती, आणि तिचा इतिहास बोधक आहे. जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर त्याच अमृतसरांत, सरकारनें नेमलेल्या व्यवस्थापकाच्या अमलाखालीं, जनरल डायरला दरबारसाहिबांतून सिरोपा देण्यांत आला. डोक्यावर वस्त्र, यथाविधि सत्कार, सगळें शिस्तींत! त्यानंतर १२ ऑक्टोबर १९२० रोजीं, अस्पृश्य म्हटल्या जाणाऱ्या जातींतून आलेले नवे शीख अमृत घेऊन कडाहप्रसादाचीं पात्रें हातांत धरून त्याच दरबारसाहिबांत गेले, तेव्हां पुजाऱ्यांनीं त्यांचा प्रसाद स्वीकारण्याचें नाकारलें. त्यांचीं डोकीं झांकलेलीं होतीं, पाय अनवाणी होते, मन भरलेलें होतें. पण जात आड आली. वाद वाढला तेव्हां ग्रंथसाहिबच उघडून हुकूम घ्यावा असें ठरलें. जें पद निघालें तें त्या नव्या शिखांच्या बाजूचें होतें, आणि प्रसाद स्वीकारावा लागला. अकाल तख्ताचे पुजारी मात्र जागा सोडून निघून गेले, आणि रिकामें तख्त संगतीनें आपल्या हातीं घेतलें. पुढच्याच महिन्यांत प्रबंधक कमिटीचा जन्म झाला. नानकाना साहिब येथें १९२१ च्या फेब्रुवारींत महंताच्या माणसांनीं केलेली कत्तल, १९२२ चा गुरु का बाग येथील सत्याग्रह, आणि शेवटीं १९२५ चा गुरुद्वारा कायदा, ही सारी मालिका त्या नाकारलेल्या प्रसादापासून ओळीनें लागते. गुरुद्वारांतील अनादर कशास म्हणावें, याचा त्या पिढीनें दिलेला निर्णय आम्हांस कोणत्याही पोथींतील व्याख्येपेक्षां अधिक प्रमाण वाटतो.

त्या निर्णयाची कसोटी पुढेंही लागत राहिली. परदेशीं वसलेल्या शिखांनीं कानडा आणि इंग्लंड येथील गुरुद्वारांच्या लंगरांत मेजें-खुर्च्या आणल्या होत्या. त्यावरून १९९७ च्या जानेवारींत ब्रिटिश कोलंबियांतील सरे येथें हाणामारी झाली, आणि १९९८ च्या एप्रिलांत अकाल तख्तावरून आज्ञा निघाली कीं लंगर जमिनीवर बसूनच घ्यावें. गुडघे गेलेल्या म्हाताऱ्यास कोपऱ्यांत बाक द्यावा कीं नाहीं, हा दयेचा प्रश्न आहे, आणि कित्येक गुरुद्वारांनीं तो निमूटपणें बाक ठेवून सोडविलाही आहे. पण विजारीची घडी मोडूं नये म्हणून खुर्ची मागणें हें वेगळें. सगळेच खुर्चीवर बसले तर समताच झाली, हा युक्तिवाद चतुर खरा. तथापि खुर्च्या मोजक्या असतात व जमीन मोजकी नसते, ही साधी गोष्ट तो विसरतो. मात्र पंगतीच्या आसनासाठीं तलवारी उपसणाऱ्यांनीं पंगतीचा अर्थ राखला असें आम्ही मुळींच म्हणणार नाहीं.

आणि येथें आम्हांस गुरुद्वारांच्या चालकांनाही चार शब्द ऐकविणें भाग आहे. पाहुण्याच्या डोक्यावरचा रुमाल सरकला तर धांवून येणारा सेवादार, मंत्र्याच्या ताफ्यासाठीं रांग बाजूला सारली जाते तेव्हां कोठें असतो? पंजाबांत अनेक गांवीं जाट शिखांचा गुरुद्वारा वेगळा आणि दलित शिखांचा वेगळा, स्मशानेंही वेगळीं, हें उघड गुपित आहे. त्या गुरुद्वारांच्या दारांत जोडे काढून आंत गेल्यानें कोणता आदर साधतो? कीर्तन शिखानें करावें असें १९४५ ची मर्यादा म्हणते, पुरुषानें करावें असें म्हणत नाहीं. तरी दरबारसाहिबांत स्त्रियांना कीर्तन करूं द्यावें अशी विनंती करणारा ठराव पंजाबच्या विधानसभेला नोव्हेंबर २०१९ मध्यें करावा लागला. आणि डिसेंबर २०२१ मध्यें त्याच दरबारसाहिबांत कठडा ओलांडून ग्रंथसाहिबांजवळ गेलेल्या एका इसमास जमावानें ठार मारलें. त्याचें कृत्य निंद्य होतें. पण त्याचा हेतु काय होता हें विचारावयास तोच उरला नाहीं. ज्या पंथांत मोठमोठ्या अपराधास उष्टीं भांडीं घासण्याचें प्रायश्चित्त दिलें जातें, ज्या पंथाच्या अकाल तख्तानें डिसेंबर २०२४ मध्यें पंजाबच्या माजी उपमुख्यमंत्र्यांस, सुखबीरसिंग बादल यांस, हातीं भाला देऊन दारावर बसविलें व ताटें घासावयास लावलें, त्या पंथास अशा जमावाची लाज वाटली पाहिजे.

हे शिखांचे घरगुती प्रश्न आहेत, त्यांत महाराष्ट्रीयांनीं नाक कां खुपसावें, असें कोणी म्हणेल. त्यास उत्तर असें कीं, ज्या ग्रंथापुढें हा रुमाल बांधावयाचा, त्यांत आमच्या नामदेवांचीं ६१ पदें आहेत. आणि त्यांतल्याच एका पदांत, शिंप्याची जात म्हणून आपल्याला देवळांतून हाताला धरून बाहेर काढलें, ही हकीकत नामदेवांनीं स्वतः सांगितली आहे. एका देवळानें बाहेर काढलेल्या माणसाची तक्रार दुसऱ्या मंदिरानें उंच आसनावर ठेवली, तिच्यावर चांदवा धरला, आणि येईल त्याला तिच्यापुढें डोकें झांकून बसावयास सांगितलें! शेजारीं कबीर विणकर, रविदास चर्मकार, शेख फरीद मुसलमान. इकडे पंढरपुरास विठ्ठलाचें दार हरिजनांना उघडावें म्हणून साने गुरुजींना १९४७ सालीं प्राण पणाला लावावे लागले. तेव्हां रुमाल बांधतांना मनांत हसणाऱ्या मराठी गृहस्थानें आपण नेमके कोणास हसतों, याचा थोडा विचार करावा.

एप्रिल २०१५ मध्यें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन नामदेवांच्या घुमान गांवीं भरलें, तेव्हां पंजाबशीं असलेल्या आपल्या नात्याविषयीं पुष्कळ बोललें गेलें. तें नातें भाषणांतून सांगण्याची मराठी माणसास गरज नाहीं. त्याच्यासाठीं नांदेड जवळ आहे. तेथें सचखंडाचें दर्शन घेऊन, छायाचित्रें काढून, दोन वाजतांच्या गाडीसाठीं धांवत सुटण्याऐवजीं लंगरांत जेवावें, शेजारचा कोण हें विचारूं नये, आपलें ताट आपण उचलावें, आणि तें घेऊन जेथें भांडीं घासलीं जातात तेथें जाऊन बाह्या सारून तासभर बसावें. तेथें जागा मागतांना कोणी जात विचारीत नाहीं. पुष्कळदां राखेनें भरलेला हात हलवून एखादी म्हातारी थोडी सरकून बसते, इतकेंच.