मैदानावरील विज्ञान

दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे अग्रभागी आहे, याचा अभिमान रत्नागिरीकरांनी अवश्य बाळगावा. परंतु चढाईस गेलेला कबड्डीपटू वाकून का वावरतो, हे यांपैकी किती गुणवंतांना सांगता येईल? गुरुत्वमध्य खाली आला की तोल सहजी ढळत नाही. म्हणूनच प्रतिपक्ष घोटा पकडून त्याचा आधारच काढून घेतो. २०१४ पासून प्रो कबड्डीने हा खेळ घरोघर नेला. शिक्षकांनी त्याचा लाभ का उठवू नये? रंजनाने विज्ञान उथळ होते, ही भीती अनाठायी होय. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी विज्ञानकथा लिहिल्या, त्या शास्त्राला धरूनच. मैदानावर विज्ञानाचा तास घेण्यास वेळापत्रक आड येते म्हणे. खेळाचा तास गणिताला देताना मात्र ते कधी आड आलेले नाही!